एका इंटरफेसवर दोन ॲड्रेस

स्लॅश चोवीसच्या सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या एका नेहमीच्या आकाराच्या तुकड्यात, वापरता येतात २५४ आयपी ॲड्रेस, आणि त्यातला एक राउटरलाच जातो. कॅमेरे, प्रिंटर, प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल धरला तर मध्यम आकाराच्या ऑफिसलाही ते अपुरे पडतात. मग राउटरच्या त्याच पोर्टवर, म्हणजे इंटरफेसवर, दुसऱ्या सबनेटचा ॲड्रेस चढवायचा. राउटर बनवणारे सिस्कोवाले त्याला सेकंडरी ॲड्रेस म्हणतात.

समजा पोर्टवर १९२.१६८.१०.१ आहे आणि तिथेच १९२.१६८.२०.१ द्यायचा आहे. सिस्कोवर कमांड नेहमीचीच, फक्त शेवटी ‘सेकंडरी’ लिहायचं. तेवढं राहिलं, तर नवा ॲड्रेस जुन्याला उठवून त्याच्या जागी बसतो. दहाच्या सबनेटमधल्या (१९२.१६८.१०) सगळ्यांचा गेटवे, म्हणजे बाहेर जायचा रस्ता, त्याच क्षणी जातो. तुम्ही त्याच ॲड्रेसवर एसएसएचने, म्हणजे दुरून कमांड द्यायच्या सोयीने, शिरलेले असाल, तर तुमचं सेशनही तुटतं. म्हणून एंटर दाबण्याआधी ती ओळ पुन्हा एकदा वाचाच. मायक्रोटिक या दुसऱ्या कंपनीच्या राउटरवर ही भीती नाही, तिथे ॲड्रेस ‘ॲड’ केला की जुना जागेवरच राहतो.

खरी डोकेदुखी पुढे आहे, डीएचसीपीची, म्हणजे यंत्रांना आपोआप ॲड्रेस वाटणाऱ्या व्यवस्थेची. सर्व्हर दुसऱ्या नेटवर्कवर असेल तर राउटर विनंती पुढे पाठवतो, आणि तिच्यावर आपला प्रायमरी ॲड्रेस टाकतो. सर्व्हर त्यावरूनच पूल, म्हणजे वाटायच्या ॲड्रेसचा साठा, ठरवतो. परिणामी दहाचा पूल संपलेला, वीसचा तसाच पडून, आणि नवा विंडोज लॅपटॉप सर्व्हरकडून काही न मिळाल्याने स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा ॲड्रेस घेऊन बसलेला. सिस्कोवर यासाठी स्मार्ट रिले आहे: तीनदा विचारून ऑफर आली नाही, की राउटर सेकंडरी ॲड्रेस टाकून विचारतो. हे चालू करायचं बऱ्याच जणांकडून राहून जातं आणि दोष मात्र सर्व्हरला दिला जातो.

आता एक गोष्ट मला अगदी ठासून सांगायची आहे. सबनेट दोन झाले म्हणून अकाउंट्स आणि पाहुण्यांचं वायफाय वेगळं झालं, असं समजू नका. व्हीलॅन, म्हणजे स्विचवरचा नेटवर्कचा कप्पा, एकच आहे, ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून पाठवलेला संदेश, सगळ्यांपर्यंत पोचतो, आणि कुणीही हाताने वीसचा ॲड्रेस टाकून पलीकडे जाऊ शकतो. शिवाय दहामधून वीसमध्ये जाणारं प्रत्येक पॅकेट त्याच पोर्टने आत येतं आणि त्याच पोर्टने बाहेर पडतं. वेगळेपण हवं असेल तर वेगवेगळे व्हीलॅन करा, प्रत्येकाला राउटरच्या पोर्टवर स्वतंत्र सबइंटरफेस, म्हणजे पोर्टचा उपभाग, द्या आणि मध्ये ॲक्सेस लिस्ट, म्हणजे कुणाला जाऊ द्यायचं ते ठरवणारी यादी, लावा.

सेकंडरी ॲड्रेस शोभतो तो स्थलांतराच्या काळात. जुना आणि नवा गेटवे दोन्ही चालू ठेवून यंत्रं टप्प्याटप्प्याने हलवता येतात, ऑफिस बंद ठेवावं लागत नाही. सगळं हलवून झालं असं वाटलं, तरी जुना ॲड्रेस लगेच काढू नका. आधी राउटरचा एआरपी टेबल, म्हणजे कुठला आयपी ॲड्रेस कुठल्या यंत्राचा याची यादी, बघा, तोही वेगवेगळ्या दिवशी, कारण बंद असलेलं यंत्र त्यात दिसत नाही. दहाची एखादी नोंद हटता हटत नसेल, तर तिचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक, घ्या आणि स्विचवर तो कुठल्या पोर्टवर आहे ते शोधा. बहुतेक वेळा तिथे हाताने ॲड्रेस दिलेला प्रिंटर किंवा हजेरीचं मशीन सापडतं.