बॅच ओतून देण्याआधी

(सांगलीत सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

कायद्याचं आधी उरकून घेतो. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे. तुमच्यातले काही जण उद्या परवाना असलेल्या मायक्रोब्रुअरीत कामाला लागतील. काहींची भावंडं परदेशात वीस लिटरच्या बादलीत बिअर लावतात, झाकणावर एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी पाण्याची झडप) बसवतात आणि फोन करून विचारतात, ‘एअरलॉकमधलं पाणी आत गेलं, सगळं ओतून देऊ का?’ हे बोलणं त्यांच्यासाठी.

ओतू नका, हे बहुतेक वेळा उत्तर. साडेअकरा ग्रॅमचं कोरड्या यीस्टचं पाकीट वीस लिटरला टाकलं की दर मिलिलीटरला तीस लाखांच्या पुढे जिवंत पेशी होतात. बादलीत बोट बुडालं किंवा एअरलॉकचं पाणी गेलं, तर त्यातून येणारे जंतू त्यापुढे किरकोळ. एक-दोन दिवसांत यीस्ट ऑक्सिजन संपवतं, पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) 5.2 वरून साडेचारच्या खाली आणतं, अल्कोहोल तयार करतं. हॉप्स या फुलांचा कडवटपणा लॅक्टोबॅसिलससारख्या आंबवणाऱ्या जंतूंना आवरतो, तो वेगळाच. विरजण ताजं आणि पुरेसं असलं की दूध नासायला सवड मिळत नाही, तसंच हे. म्हणून नेहमीच्या तयार बिअरमध्ये साल्मोनेलासारखे रोगजंतू वाढत नाहीत. बिनअल्कोहोलच्या बिअरला मात्र हा दिलासा लागू नाही.

खरी जोखीम त्याआधीची आहे: वर्ट (माल्टचं गोड पाणी, ज्याची पुढे बिअर होते) उकळून झाल्यापासून यीस्ट जोर धरेपर्यंतची. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात टाकीचं पाणीच तिशीच्या पुढे असतं. नुसत्या तांब्याच्या कॉइलमधून ते फिरवून वर्ट वीस अंशांवर यायचं नाही. येणारं पाणी आधी बर्फाच्या बादलीतल्या दुसऱ्या कॉइलमधून सोडा. वर्ट कोमट राहून तासन्‌तास पडलं की आतड्यातल्या जंतूंचे भाऊबंद वाढतात आणि उकडलेल्या कोबीचा वास येतो. तरी एक रात्र घट्ट झाकून सकाळी यीस्ट टाकलं तर चालून जातं. पण बिनयीस्टचं वर्ट हवाबंद कॅनमध्ये बाहेर दिवसेंदिवस ठेवू नका. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू शंभर अंशांना मरत नाहीत, आणि 4.6 च्या वरचा पीएच त्यांना मानवतो. या सगळ्या विषयात जिवाशी खेळ आहे तो इथे, आणि बुडालेल्या बोटाची चर्चा करणारे नेमकं हेच विसरतात.

बॅचमागून बॅच बिघडत असेल तर हवेला दोष देऊ नका, बादलीची तोटी खोला. प्लास्टिकच्या तोटीचे दोन भाग गरम पाण्यात सुटे होतात, आणि मधल्या फटीत जुना चिकटा सापडतो. बादली काथ्याने किंवा तारेच्या घासणीने घासलीत की ओरखड्यांत जंतूंना घर मिळालं. तिथे सॅनिटायझर पोचत नाही, बादली बदलणं हाच उपाय. आतून पांढुरकी झालेली नळीही तशीच टाकायची. आधी धुण्याच्या सोड्याने स्वच्छ करायचं, मग आयोडोफोर (आयोडीनचं जंतुनाशक), साडेबारा पीपीएम (दहा लाख भागांत साडेबारा), दोन मिनिटं. गोठ्यात सडांना लावायचं आयोडोफोर वापरायचा मोह होईल. त्यात त्वचेसाठी ग्लिसरीन वगैरे घातलेलं असतं, ते नको. द्राक्षांच्या हंगामात चिलटं आवरा. ॲसिटोबॅक्टर त्यांच्या अंगावर बसून येतो. हवा मिळाली तरच तो व्हिनेगर करतो, म्हणून झाकण वारंवार उघडणं हा आपणच त्याला दिलेला मदतीचा हात.

आता खुणा. तपकिरी, खडबडीत फेस आणि तरंगणारे यीस्टचे गोळे हे ठीकच. वर कोरडी, सुरकुतलेली पांढरी साय धरली तर ब्रेटॅनोमायसिससारखं रानटी यीस्ट किंवा दुसरं कोणी शिरलंय. केसाळ, रंगीत बुरशी दिसली तर चर्चा नाही, ओतून द्या. लोण्याचा वास आला तर घाई करू नका. तळाशी बसलेल्या यीस्टवरच दोन-तीन दिवस थोडं उबेला ठेवा. गेला तर कच्चेपणा होता, वाढला आणि बिअरला तार सुटू लागली तर पेडियोकॉकस हा जंतू. आपल्या साखर कारखान्यांत शिळ्या उसाच्या रसाला तार सुटते ती ल्यूकोनोस्टॉकमुळे. जंतू वेगळा, जात तीच. औषधासारखा वास बहुधा पाण्यातल्या क्लोरीनचा असतो. नळाच्या वीस लिटर पाण्याला 0.2 ग्रॅम केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) पुरतं, तेच जे सरबतात घालतात.

रानटी यीस्टचं खरं भय चवीचं नाही. बाटलीत वायू तयार व्हावा म्हणून आपण साखर लिटरला सहा-सात ग्रॅम घालतो. हायड्रोमीटर (घनता मोजायचं साधन; साखर संपत जाते तसा आकडा उतरतो) 1.012 वर थांबला असं समजून भरलेली बिअर रानटी यीस्टमुळे बाटलीत 1.004 पर्यंत उतरली, तर बिअरच्या आकारमानाच्या अडीच पट या नेहमीच्या वायूवर बिअरच्या आणखी चार पट वायूची भर पडते, आणि काच फुटते. तीन दिवस तोच आकडा दिसल्याशिवाय भरू नका. एक बाटली उघडताच कारंजं उडालं, तर उरलेल्यांना हात लावण्याआधी चष्मा आणि जाड हातमोजे घाला. एकेक करून फ्रिजमध्ये गार करा, मग टॉवेल गुंडाळून बूच किंचित सैल करून दाब सोडा.