तेलातली हिरवी खूण

नमस्कार श्रोतेहो.

कच्चं तेल म्हटलं की कित्येकांच्या डोळ्यांपुढे डायनोसॉर उभे राहतात. ते मेले, गाडले गेले आणि त्यांचं तेल झालं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण ते खरं नाही. तेल झालं ते मुख्यतः पाण्यात तरंगणाऱ्या इवल्याशा जिवांचं, शैवालांचं आणि प्लवकांचं.

हे जीव मेले की तळाशी जातात आणि बहुतेक तिथेच कुजून संपतात. मात्र जिथे तळाच्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, तिथे कुजणं अर्धवट राहतं. काळा चिखल साचतो, त्यावर गाळाचे थर चढतात. चिखलाचा खडक होतो आणि आतल्या जीवशेषांचं मेणासारखं केरोजेन बनतं.

मग लागते आच. तीही भट्टीची नव्हे! साधारण 60 ते 120 अंश सेल्सिअस, म्हणजे पाण्याला आधण येतं त्याच्या आसपासची. पण ती लाखो वर्षं टिकावी लागते, तेव्हा कुठे केरोजेनचं तेल होतं. त्याहून फार तापलं, तर तेल मोडून वायू होतो. इतकी मंद, इतकी बेताची आच जमून यावी, याचं मला अजूनही नवल वाटतं.

तेलाचं जमिनीखाली तळं नसतं. ते वालुकाश्मासारख्या खडकाच्या बारीक छिद्रांत, स्पंजात पाणी मुरावं तसं असतं. पाण्याहून हलकं म्हणून वर सरकतं आणि घट्ट खडकाचं झाकण लागलं की अडतं.

तेलात वजनाने 83 ते 87 टक्के कार्बन, 10 ते 14 टक्के हायड्रोजन. उरलेल्यात गंधक, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि धातूंचे अंश. गंधक अर्ध्या टक्क्याहून कमी असलेल्या तेलाला व्यवहारात ‘गोड’ म्हणतात, जास्त असेल तर ‘आंबट’.

आणि त्या धातूंतच खरी गंमत आहे. 1930च्या दशकात आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला तेलात पॉर्फिरिन नावाचे रेणू सापडले. कड्यासारखे, मधोमध व्हॅनेडियमचा अणू धरून बसलेले. ठेवण ओळखीची होती. पानातल्या हरितद्रव्याचं कडं असंच असतं, फक्त त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं. कोट्यवधी वर्षांत मधला धातू बदलला, रंग गेला. पण ज्या कड्याने कधीकाळी ऊन टिपलं, ते त्या काळ्या तेलात शाबूत होतं.