चुकीच्या बाटलीतलं ग्लिसरीन

नमस्कार श्रोतेहो. जिवंत पेशी गोठवून वर्षानुवर्षं ठेवायच्या आणि हव्या तेव्हा पुन्हा जागत्या करायच्या, हा आजचा विषय. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, पुढे पुन्हाही सांगेन: पेशीला थंडी मारत नाही, बर्फ मारतो. फ्रीजरमध्ये चुकून गेलेल्या पालेभाजीचं काय होतं ते तुम्ही पाहिलेलं असेलच. गोठवणं फार सावकाश झालं, तर बाहेरच्या पाण्याचा बर्फ होतो, उरलेल्या पाण्यात क्षार दाटतात आणि पेशी सुकते. फार घाई केली, तर पेशीच्या आतच बर्फ धरतो.

आता माझी आवडती गोष्ट. लंडनच्या मिल हिल भागात वैद्यकीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था होती. १९४० चं दशक संपत आलेलं. ॲलन पार्क्स, ऑड्री स्मिथ आणि विशीतला ख्रिस्तोफर पोल्ज असे तिघं कोंबड्याचे शुक्राणू गोठवायच्या मागे लागले होते. त्यांची भिस्त फळांतल्या साखरेवर, म्हणजे फ्रुक्टोजवर. साखरेच्या पाण्यात शुक्राणू ठेवायचे, उणे ७९ अंशांपर्यंत गोठवायचे, वितळवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. सगळे मेलेले! शेवटी कंटाळून द्रावणाच्या बाटल्या शीतकपाटात ठेवून दिल्या.

काही महिन्यांनी पोल्जनं त्याच बाटल्या पुन्हा काढल्या. (जुनं काही दिसलं की फेकायला धावणाऱ्या माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, हे या निमित्तानं सांगून टाकते. टापटीप घरात शोध लागत नाहीत.) तर, पुन्हा तोच प्रयोग, पुन्हा तीच निराशा. पण एका बाटलीतल्या द्रावणात मात्र वितळवलेले शुक्राणू वळवळत होते. चांगले जोमात!

ती साखर आणि या बाटलीतली साखर यांत फरक काय? बाटलीच्या तळाशी थोडंसं द्रावण उरलं होतं. ते रसायनतज्ज्ञाकडे तपासायला दिलं. उत्तर आलं: पाणी आहे, प्रथिनं आहेत, ग्लिसरीन आहे. आणि साखर? साखर अजिबात नाही!

मग उलगडा झाला. त्याच प्रयोगशाळेत काचपट्टीवर नमुने चिकटवायला अंड्यातला पांढरा बलक आणि ग्लिसरीन यांचं मिश्रण वापरत. कधीतरी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. पुढे नुसतं ग्लिसरीन वापरून पाहिलं, तर काम तेच करतंय हे स्पष्ट झालं. आपण ओठांना लावतो तेच ग्लिसरीन! १९४९ साली ‘नेचर’मध्ये तिघांचा निबंध छापून आला. शाळेच्या पुस्तकांत शोध कसे सरळ रेषेत लागतात, नाही का? प्रश्न, अनुमान, प्रयोग, निष्कर्ष. चिठ्ठी बदलली, हे कुणी फळ्यावर लिहीत नाही.

ग्लिसरीन करतं काय? ते पेशीत शिरतं आणि पाण्याला सहजासहजी बर्फ होऊ देत नाही, त्यामुळे क्षारही तितके दाटत नाहीत. म्हणजे पुन्हा तेच: थंडी मारत नाही, बर्फ मारतो. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला गोठवलेल्या वीर्यापासून वासरू जन्मल्याची बातमी आली, १९५३ साली माणसातल्या गर्भधारणेची. १९५९ मध्ये त्याच संस्थेतल्या जेम्स लव्हलॉक यांनी सहकाऱ्यासह डीएमएसओ हे दुसरं रसायन पुढे आणलं. आज अस्थिमज्जेतल्या मूळपेशी बहुधा त्यातच गोठवतात, मिनिटाला साधारण एक अंश अशा गतीनं, आणि मग उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. वितळवायचं मात्र झटपट. सावकाश गोठवा, झटपट वितळवा, हे बहुतेक पेशींना लागू पडतं.

सिनेमात अख्खा माणूस गोठवून शंभर वर्षांनी उठवतात ना, त्याचा मला भारी राग येतो. अहो, एक अवयव धड जमता जमेना! सुट्या पेशी सोप्या. जाड अवयवात रसायन सगळीकडे सारखं पोचत नाही, आणि तापवताना एक भाग गरम, दुसरा गार राहिला की तडे जातात. २०२३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या गटानं उंदराचं मूत्रपिंड बर्फ न होऊ देता काचेसारखं घट्ट केलं, शंभर दिवसांपर्यंत ठेवलं, आणि आत सोडलेल्या लोहाच्या अतिसूक्ष्म कणांना चुंबकीय क्षेत्रानं तापवून आतून सारखं गरम केलं. दुसऱ्या उंदराच्या शरीरात बसवल्यावर ते काम करू लागलं. माणसाचं मूत्रपिंड त्याहून कितीतरी मोठं, आणि आता झटापट चालली आहे ती या आकाराशीच.