वाफेतला वजीर

(दृश्य : पिवळ्या इमारतीचा घुमट, हळूहळू वर चढणारी वाफ. फरशीवर ओल्या सपातांचा आवाज.)

जानेवारीची सकाळ. बुडापेस्टमध्ये पारा शून्याच्या जरासा खाली. अशा हवेत पोहण्याच्या कपड्यांवर उघड्या अंगणात जायचं, हे ऐकायलाच वेडेपणाचं. पण दार ढकललं की मागे फिरायची सोय नसते. मागे रांग असते. दारापासून हौदापर्यंत वीस-पंचवीस पावलं. तेवढ्यात दात वाजायला लागतात आणि पायाखालची फरशी बर्फाची लादी वाटते. मग पहिली पायरी, दुसरी पायरी... आणि खांद्यापर्यंत ऊन पाणी.

तोंडातून आपोआप निघतं, "आई गं!"

हे सेचेनी स्नानगृह. हंगेरियन भाषेत स्नानगृहाला म्हणतात फ्युर्द्यो. इथे यायला जी भुयारी रेल्वे धरली, ती १८९६ सालची. छोटे पिवळे डबे, जिना उतरलात की लगेच फलाट. स्टेशनाचं नावही 'सेचेनी फ्युर्द्यो'. बाहेर पडलं की समोरच स्नानगृह.

(दृश्य : पाण्याच्या पृष्ठभागाशी कॅमेरा. वाफेत फक्त डोकी दिसतात.)

आता हे पाणी येतं कुठून? जवळपास ज्वालामुखी नाही. डॅन्यूब नदीच्या पश्चिमेला बुडाचे डोंगर आहेत. तिथलं पावसाचं पाणी चुनखडकाच्या भेगांतून खोल मुरतं. या भागात पृथ्वीचं कवच पातळ आहे, त्यामुळे खालची धग वरपर्यंत पोचते. तापलेलं पाणी नदीकाठच्या भेगांतून बुडाच्या बाजूला झऱ्यांच्या रूपाने वर येतं. नदीच्या पूर्वेची पेस्टची बाजू, जिथे हे स्नानगृह आहे, ती मात्र सपाट. तिथे झरे नव्हते.

विल्मोश झिग्मोंडी या खाणतज्ज्ञाचं म्हणणं होतं, की पाणी इथेही आहे, फक्त खोल आहे. १८६८ मध्ये त्याने भोक पाडायला सुरुवात केली आणि दहा वर्षं तो पाडतच राहिला. ९७० मीटरवर पाणी लागलं, ७४ अंशांचं! चहाला जेमतेम कमी. दहा वर्षं एका भोकात पैसे ओतणाऱ्याला लोक काय काय म्हणाले असतील, याची कल्पना आपल्याकडे बोअर मारलेल्या कुणालाही करता येईल. पुढे १९३८ मध्ये दुसरी विहीर घेतली, सुमारे सव्वा किलोमीटर खोल.

आजची इमारत १९१३ ची. तिचे वास्तुकार ग्योझो त्सिग्लर ती पुरी व्हायच्या आधीच गेले. आम्ही ज्या उघड्या हौदात आहोत, तो भाग १९२७ मध्ये जोडला. पाणी निववून साधारण ३८ अंशांवर आणतात. वास गंधकाचा, पण नाकात भरेल इतका नाही.

मला मात्र त्या वासाने थेट वज्रेश्वरीला नेलं. तानसा नदीकाठची अकलोलीची कुंडं, आणि कुंडाच्या कडेला नऊवारीचा काष्टा सावरत बसलेली आजी. "एकदम उतरू नकोस, आधी पाय भिजव." तिच्या मते गुडघेदुखीवर याहून मोठं औषध नव्हतं. तिथेही ज्वालामुखी नाहीच. पावसाचंच पाणी कातळाच्या भेगांतून खोल जाऊन तापतं आणि परत येतं. फरक एवढाच, की तिथे आधी देवीचं दर्शन असायचं आणि इथे आधी मनगटाला पट्टा. तो टेकवला की कपड्यांची खोली उघडते. टोपी आणायची मी विसरले, म्हणून पोहण्याच्या लांब तलावात मला प्रवेश मिळाला नाही. बरंच झालं. आज हात-पाय मारायचेच नव्हते.

(दृश्य : हौदाची कड. ओल्या पटावर बुद्धिबळाची प्यादी.)

इथे कॅमेरा जरा थांबू दे. छातीपर्यंत पाण्यात उभे असलेले दोन आजोबा. मधे पट. एकाच्या भुवयांवर वाफेचे थेंब. हात पाण्यातून वर येतो, घोड्यावर अधांतरी थांबतो, आणि परत पाण्यात जातो. चाल झालीच नाही. बघायला तिघे-चौघे उभे आहेत. कुणी सल्ला देत नाही. पुण्यातल्या कुठल्याही कट्ट्यावर हे अशक्य आहे.

आमच्या यादीत दुपारी संसदभवन होतं, संध्याकाळी बोटीची फेरी. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो डोळे मिटून, कानापर्यंत पाण्यात. यादी लॉकरमध्ये होती. तिथेच राहिली.

गरम हौदात सलग वीस मिनिटांहून जास्त बसू नये म्हणतात. आम्ही मधूनमधून बाहेर आलो, पाणी प्यायलो, गारठलो, पुन्हा उतरलो. दुसऱ्या एका हौदात गोल फिरणारा प्रवाह आहे. त्यात आजीबाईसुद्धा खिदळत गरगर जातात.

आणि एक गंमत. याच ऊन पाण्यातला काही वाटा शेजारच्या प्राणिसंग्रहालयात जातो, पाणघोड्यांसाठी. ते तर तिकीटही काढत नाहीत.

(दृश्य : दिवे लागलेले. वाफ पिवळी झालेली.)

चार वाजताच अंधारून आलं. बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडल्या होत्या. निघताना पुन्हा त्या कडेपाशी गेलो. एक आजोबा बदलले होते, दुसरे तेच. त्यांचा काळा वजीर अजून पटावर होता.