नवा धनी आणि पाठीमागची गाडी

(सोलापुरातल्या एका व्याख्यानमालेत जानेवारी २०२६ मध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, गड्डा, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराची जत्रा, नुकताच झाला. होम मैदानावरची धूळ अजून घशात आहे, त्यामुळे मध्येच खोकलो तर सांभाळून घ्या. मी दरवर्षी मौत का कुआँ बघायला जातो. वय एकसष्ट झालं, नातवंडं हसतात, तरी जातो. वरच्या कठड्याला पोट टेकवून उभं राहायचं, खाली मोटरसायकल चालू झाली की फळ्याफळ्यांतून थरथर थेट पोटात येते. पोरगा दोन्ही हात सोडून भिंतीवरून वर येतो आणि आपल्या बोटांतली दहाची नोट ओढून नेतो. यंदा ठेकेदार नवा होता. एलईडीच्या माळा, डीजे, तिकीट वाढलेलं. पण आधी आत दोन मारुती फिरायच्या, यंदा एकच. माझ्या शेजारचा गडी म्हणाला, "लायटिंग लै भारी केलंय बे, दुसरी गाडी कुठाय?"

आज मला फॉर्म्युला वनबद्दल, म्हणजे मोटारींच्या त्या जगभर फिरणाऱ्या शर्यतींबद्दल, जे सांगायचंय ते जवळपास एवढंच आहे. पण आयोजकांनी तासभर दिलाय, तर जरा सविस्तर सांगतो.

२३ जानेवारी २०१७ ला फॉर्म्युला वनचा धनी बदलला. अमेरिकेतल्या लिबर्टी मीडिया कंपनीने सीव्हीसी नावाच्या गुंतवणूक कंपनीकडून हा धंदा घेतला. कर्जासकट किंमत धरली होती आठशे कोटी डॉलर. त्याच दिवशी बर्नी एकलस्टन यांना कारभारातून बाजूला केलं. तेव्हा त्यांचं वय होतं ८६. हा माणूस मोटरसायकलचे सुटे भाग विकत वर आला, म्हणजे माझ्याच धंद्यातला. फरक एवढाच की मी अजून गल्ल्यावर बसतो आणि त्यांनी अख्खी शर्यत गल्ल्यात घातली. सत्तरच्या दशकापासून त्यांनी विस्कळीत शर्यतींची एक मोट बांधली, टीव्हीचे हक्क एकत्र विकले. ते श्रेय द्यावंच लागेल. पण शेवटी शेवटी २०१४ मध्ये त्यांनी एका मुलाखतीत सांगून टाकलं की तरुण पोरांत आपल्याला रस नाही, खिशात पैसा असलेला सत्तरीचा म्हातारा बरा. पोरं काय रोलेक्स घेणार आहेत का, असा त्यांचा हिशोब. खेळाडूंना पॅडॉकमधला, म्हणजे टीमच्या आतल्या आवारातला, साधा व्हिडिओसुद्धा टाकता येत नसे.

त्यामुळे नवा धनी आला तेव्हा आम्ही चाहते फार खूश झालो. दुकानात आमची पाच-सहा जणांची बैठक असते, रविवारी संध्याकाळी शटर अर्धं ओढून शर्यत बघतो. प्रत्येकाची मागणी वेगळी. एकाला इंजिनांचा जुना आवाज परत हवा होता. एकाला छोट्या टीम जगायला हव्या होत्या, कारण त्याच जानेवारीत मॅनर नावाची टीम बुडाली होती आणि २२ गाड्यांच्या २० झाल्या होत्या. मला ओव्हरटेकिंग हवं होतं. आणि सगळ्यांना मिळून भारतातली शर्यत परत हवी होती.

ती आम्ही पाहिली होती. २०११ च्या ऑक्टोबरात मी आणि माझा मेहुणा कर्नाटक एक्सप्रेस पकडून दिल्लीला गेलो, बरोबर कडक भाकरी आणि शेंगा चटणी. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. शुक्रवारी पहिल्या सरावाला कुत्रं ट्रॅकवर आलं आणि गाड्या थांबवाव्या लागल्या. आमच्या मागचा एक इंग्रज पोट धरून हसत होता, आणि आम्हाला लाज वाटण्याऐवजी घरी आल्यासारखं वाटत होतं. नंतर व्ही-एट इंजिनं अठरा हजार आरपीएमला ओरडत समोरून गेली. लहानपणी पहाटे गिरणीचा भोंगा झाला की छातीत काहीतरी हलायचं, ते तसंच हललं. तीन वर्षं शर्यत झाली, तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल हा ड्रायव्हर जिंकला. २०१३ ला चौथं जगज्जेतेपद मिळाल्यावर त्याने स्टँडसमोर गाडीच्या गिरक्या मारल्या आणि खाली उतरून गाडीला साष्टांग म्हणावं असा नमस्कार घातला. त्याला ताकीद आणि टीमला पंचवीस हजार युरो दंड! आज असं कोणी केलं तर हेच लोक त्याची जाहिरात करतील. उत्तर प्रदेश सरकारने या प्रकाराला खेळ न मानता करमणूक मानलं, कराचा वाद झाला आणि शर्यत गेली. ती अजून आलेली नाही.

आता नव्या धन्याने काय केलं? जे फुकटात करता येत होतं ते पहिल्याच उन्हाळ्यात केलं. व्हिडिओची बंदी सैल झाली. मे २०१७ मध्ये स्पेनच्या शर्यतीत फेरारीचा ड्रायव्हर रायकोनेन याची गाडी पहिल्याच वळणावर बाद झाली आणि स्टँडमध्ये फेरारीची टोपी घातलेलं एक सहा वर्षांचं पोर हमसून हमसून रडताना टीव्हीवर दिसलं. शर्यत संपायच्या आत त्या पोराला शोधून, आत नेऊन रायकोनेनला भेटवलं. एकलस्टनच्या काळात त्या पोराला आत कोणी पाऊल टाकू दिलं नसतं. मग लोगो बदलला. २०१९ ला नेटफ्लिक्सवर मालिका आली आणि माझ्या सुनेला अचानक टायरच्या कंपाउंडमधला फरक कळायला लागला. याचा खर्च धन्याला जवळजवळ शून्य आणि फायदा अफाट. मी तक्रार करत नाही. सून आता माझ्यापेक्षा जास्त बोलते, एवढंच.

नवे प्रमुख चेस केरी म्हणाले होते की प्रत्येक शर्यत सुपर बोलसारखी, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या वार्षिक अंतिम सामन्यासारखी करू, वर्षाला २१ सुपर बोल. सोलापुरी भाषेत, वर्षाला २१ गड्डे. पण गड्डा वर्षातून एकदा येतो म्हणूनच तो गड्डा असतो की ओ! आता शर्यती २४ झाल्या. मायामीला २०२२ मध्ये ट्रॅकशेजारी खोटं बंदर उभारलं, रंगवलेल्या फळ्यांचं पाणी आणि त्यावर खऱ्या बोटी. सिद्धेश्वर तलावाकाठी वाढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागतो. २०२३ ला लास वेगासची शर्यत तर धन्याने स्वतःच भरवली. पहिल्या सरावात आठ-नऊ मिनिटांत रस्त्यावरचं एक लोखंडी झाकण उखडलं आणि साइंझच्या फेरारीचा तळ फाडला. सराव रद्द. दुसरा सराव रात्री अडीचला सुरू झाला, त्याआधी तिकीट काढून आलेल्या लोकांना घरी पाठवलं. वर साइंझला बॅटरी बदलली म्हणून सुरुवातीच्या रांगेत दहा जागा मागे ढकललं. झाकण काय त्याने उखडलं होतं? पण खरं बोलायचं तर शर्यत झकास झाली. शेवटच्या फेरीत लेक्लेरने पेरेझला मागे टाकून दुसरा नंबर घेतला तेव्हा दुकानात आम्ही ओरडलो होतो.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, पाठीमागची गाडी.

तरुणपणी मी आरएक्स हंड्रेडवर पुण्याला माल आणायला जायचो. टेंभुर्णीच्या पुढे सरळ रस्ता लागला की एखाद्या ट्रकच्या मागे लागायचं. ट्रक समोरची हवा फोडतो, आपली गाडी आपोआप ओढल्यासारखी पळते, पेट्रोल वाचतं. पण फार जवळ गेलं की हँडल हलकं होतं, डोकं गदागदा हलतं, कारण ट्रकच्या मागची हवा चिंध्या झालेली असते. फॉर्म्युला वनमध्ये नेमकं हेच दुखणं. या गाड्या वळणावर टिकतात त्या हवेच्या दाबाने. पंख उलटे बसवलेले असतात, विमान उचलण्याऐवजी ते गाडीला जमिनीवर दाबतात. पुढच्या गाडीने हवेच्या चिंध्या केल्या की मागच्याचा दाब जातो, टायर घसरतात, तापतात, आणि दोन फेऱ्यांत तो बिचारा मागे राहतो. एफ वनच्या इंजिनिअरांनी काढलेला आकडा असा, की समोरच्या गाडीपासून दहा मीटरवर ४६ टक्के दाब नाहीसा व्हायचा. त्यावर २०११ पासून डीआरएस (क्रिकेटमधलं नव्हे) नावाच्या यंत्रणेचा उतारा होता, मागच्याने सरळ पट्ट्यात मागचा पंख उघडायचा आणि निघून जायचं. ते ओव्हरटेकिंग म्हणजे पुढच्याला थांबवून वाट मागितल्यासारखं.

नव्या धन्याने रॉस ब्रॉन यांना आणलं. शूमाकरच्या फेरारीमागचा हा डोकेबाज इंजिनिअर. त्यांनी माणसं बसवली आणि विचारायला सांगितलं की मागच्याला लढता येईल अशी गाडी कशी असावी. माझ्या माहितीत या खेळात असा अभ्यास टीमच्या बाहेर बसून पहिल्यांदाच झाला. २०२२ ची गाडी त्यातून आली. दाब पंखांऐवजी गाडीच्या पोटाखालच्या बोगद्यांतून घ्यायचा. लोटस टीमने सत्तरच्या दशकाच्या शेवटी हेच केलं होतं, नंतर ते बंद झालं होतं. तो ४६ टक्क्यांचा तोटा १८ वर येईल असं गणित होतं, आणि पहिल्या वर्षी फरक उघड्या डोळ्यांनी दिसला. नंतर टीमच्या हुशार पोरांनी कडेकडेने पळवाटा शोधल्या आणि २०२४-२५ पर्यंत ड्रायव्हर पुन्हा कुरकुरू लागले. पण काही झालं तरी हे काम लायटिंगचं नव्हतं. दुसरी मारुती आत आणायचं होतं.

खर्चाच्या मर्यादेची गोष्ट वेगळी. मोठ्या टीम वर्षाला चाळीस कोटी डॉलरच्या घरात उडवत होत्या आणि छोट्या त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात तगायला बघत होत्या. मर्यादा घालायचं ठरलं, २०२१ पासून साडेसतरा कोटी. मोठ्यांची तोंडं वाकडी. मग आला कोरोना. शर्यती बंद, पैसा बंद, आणि मे २०२० मध्ये हीच मंडळी साडेचौदा कोटींवर राजी झाली. चाहत्यांनी दहा वर्षं मागितलेली गोष्ट एका विषाणूने दोन महिन्यांत मिळवून दिली! त्याबरोबर गाडीवर वारा सोडून तपासायच्या बोगद्यातल्या चाचण्यांचा वेळही उलटा केला, जो पहिला आला त्याला सगळ्यात कमी. २०२१ ला रेड बुलने मर्यादा ओलांडली तर सत्तर लाख डॉलर दंड आणि चाचण्यांत दहा टक्के कपात. मला दंड थोडा वाटला. २०२३ ला त्याच रेड बुलने २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या तेव्हा आमच्या बैठकीतले दोघं यायचेच बंद झाले. पण २०२४ ला सात वेगवेगळे ड्रायव्हर जिंकले, मॅक्लारेनला १९९८ नंतर पहिल्यांदा टीमचं विजेतेपद मिळालं, आणि गेल्या महिन्यात त्यांचाच ड्रायव्हर नॉरिस फक्त दोन गुणांनी जगज्जेता झाला. ते दोघं आता परत येतात. येताना भजी आणतात, प्रायश्चित्त म्हणून.

आवाज परत आला नाही आणि यायचा नाही. गाडी कंपन्यांना बॅटरी विकायचीय. २०२६ च्या नव्या इंजिनात तर जवळजवळ निम्मी ताकद विजेची.

आणि छोट्या टीमांचं? २०२६ पासून गाड्या पुन्हा २२ होतायत, कॅडिलॅक ही नवी टीम येतेय. पण तीही कशी आली बघा. अँड्रेटी कुटुंबाच्या नव्या टीमच्या अर्जाला २०२३ मध्ये एफआयएने, म्हणजे या खेळाचे नियम करणाऱ्या संस्थेने, हिरवा कंदील दिला, आणि जानेवारी २०२४ मध्ये नव्या धन्यानेच नको म्हटलं. अकरावी टीम म्हणजे बक्षिसाच्या पैशात अकरावा वाटेकरी. मग मागे कॅडिलॅकची मालक कंपनी जनरल मोटर्स स्वतः उभी राहिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात होकार आला. म्हणून मी आमच्या पोरांना म्हणतो, धन्याचा फायदा आणि आपली हौस एका रेषेत येते तिथे काम पटकन होतं. जिथे येत नाही तिथे नेमकं मागा. "शर्यत चांगली करा" म्हणाल तर तो डीजे आणेल.

हे आज सांगायचं कारण, आता मोटरसायकलवाल्यांची पाळी आहे. गेल्या जुलैत याच लिबर्टीने मोटो जीपीचा, म्हणजे मोटरसायकलच्या जागतिक शर्यतींचा, ८४ टक्के हिस्सा घेतला. सोलापूर दुचाकीचं गाव, त्यामुळे मोटो जीपीच्या गप्पा माझ्या दुकानात जास्त. २०२३ ला नोएडालाच ती शर्यत झाली, बेझेकी जिंकला, पुढच्या वर्षी नाही. पोरं विचारतात, आता परत येईल का काका? मी सांगतो, त्याची वाट बघत बसण्यापेक्षा २०२७ चे नियम बघा. इंजिन हजारावरून ८५० सीसीवर येतंय, पंख आखूड होतायत, आणि गाडीची उंची खालीवर करणारी यंत्रं बंद. २०२४ ला २० पैकी १९ शर्यती डुकाटीने जिंकल्या होत्या, तिथेही दुखणं तेच, मागच्याला हवा मिळत नाही आणि पुढचा टायर तापतो. हे नियम लिबर्टी यायच्या आधीच ठरलेत. धन्याने ते पातळ होऊ दिले नाहीत तरी मिळवलं.

समोरून एक काका केव्हापासून हात वर करतायत. बोला काका.

काका गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते म्हणतात, आणि विचारतायत की तुम्ही धन्याचं सांगितलं, बघणाऱ्यांचं सांगितलं, पण त्या गाड्यांचे टायर बदलणाऱ्या पोरांचं काय झालं?

आम्ही दुकानात मागण्या मांडल्या तेव्हा यातली एकही मागणी नव्हती, काका. खरंच नव्हती. २०२३ ची ती वेगासची शर्यत शनिवारी रात्री दहाला सुरू झाली. आठच दिवसांनी, रविवारी, अबू धाबी. दोन्ही ठिकाणच्या घड्याळात बरोबर बारा तासांचा फरक. आता तर मध्ये कतारही घातलंय, तीन आठवडे लागोपाठ. गाड्या उघडायच्या, पेटीत भरायच्या, विमानात चढवायच्या, उतरून पुन्हा जोडायच्या. तुमच्या भाषेत सांगायचं तर रात्रपाळी संपवून गेटबाहेर पडावं आणि समोर त्याच गिरणीचं दुसरं गेट असावं, तिथे दिवसपाळीचा भोंगा झालेला.