मधेच कडकडणारा ताशा

(गणेशोत्सवाच्या आधी ढोल-ताशा पथकांच्या प्रमुखांसमोर केलेलं भाषण, थोडं आवरून)

नमस्कार. तुम्ही सगळे आज सराव सोडून इथे आलात, म्हणजे नदीकाठच्या सोसायट्यांमध्ये आत्ता पेढे वाटत असतील.

मला विषय दिलाय 'पथकातली शिस्त'. शिस्त म्हटलं की मलाच जांभई येते. म्हणून मी एकाच माणसाबद्दल बोलणार आहे. तुमच्यापैकी प्रत्येकाच्या पथकात तो आहे. नाव घेत नाही, कारण आमचा तो आज तिसऱ्या रांगेत येऊन बसलाय.

तो ताशा वाजवतो आणि फार छान वाजवतो, खरी पंचाईत तीच आहे. वाईट वाजवणाऱ्याला 'उद्यापासून झांजेला ये' म्हणता येतं. याला काय म्हणणार? मी सगळं थांबवून मागच्या रांगेला काही सांगायला लागले, की शेजारून टर्रर्र. मी मान वळवते. तो आकाशाकडे बघतो. मी पुन्हा बोलायला लागते, पुन्हा टर्रर्र, शेवटी एक तिरपा ठोका. ढोलवाल्यानं मस्करी केली तर ती त्याच्या रांगेपुरती राहते. ताशाचं तसं नाही. आमच्याकडे चाळीस ढोल आणि सहा ताशे, आणि ते चाळीसही ताशावर कान ठेवून असतात. यानं गंमत म्हणून एक उचल वाजवली की नवी पोरं इशारा समजून ढोल सुरू करतात, टोलवाला गोंधळून दोन ठोके देतो, आणि मी काय सांगत होते ते मुठा नदीला मिळतं.

तेही घड्याळ चालू असताना. कायद्यानं रात्री दहाला थांबायचं, 2000 सालापासून नियमच आहे तो. पण शेजाऱ्यांचा कायदा साडेआठ-नऊलाच लागू होतो. म्हणजे हातात असतात जेमतेम दोन तास. साठ जणांची दहा-दहा मिनिटं वाया गेली तर गणित करा, दहा तास होतात. ऑफिसमधून थेट आलेल्या, डबासुद्धा न खाल्लेल्या माणसांचे दहा तास.

मी काय काय केलं ते सांगते, म्हणजे तुमचे तेवढे दिवस वाचतील.

आधी सगळ्यांसमोर ओरडले. "ए, बास की आता!" तो हसला, सगळे हसले. त्याला प्रेक्षक हवे होते, ते मी साठच्या साठ पुरवले. मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, 'काही वादक सरावात व्यत्यय आणत आहेत, याची त्यांनी नोंद घ्यावी.' यावर सर्वांत आधी अंगठा कुणाचा आला असेल? त्याचाच. आणि दोन नव्या मुली दुसऱ्या दिवशीपासून यायच्या बंद झाल्या, त्यांना वाटलं हे आपल्यालाच उद्देशून आहे. त्यांच्या घरी जाऊन समजूत काढावी लागली. मग दंड लावला, मधे वाजवलं की पन्नास रुपये. त्यानं पाचशेची नोट काढून दिली. म्हणाला, "ताई, या आठवड्याचे धरा."

एक जुना सल्ला तुम्हालाही मिळाला असेल, की अशा माणसावर जबाबदारी टाका, आपोआप सुधारतो. टाकली. तीन नवी ताशाची पोरं त्याच्या हाताखाली दिली. महिन्याभरात शेजारून चार टर्रर्र यायला लागल्या, आणि पोरांच्या त्याच्यापेक्षा लांब होत्या.

उलगडा झाला तो योगायोगानं. एका मुलानं घरी ऐकायला म्हणून पूर्ण सराव मोबाईलवर टेप केला आणि मलाही पाठवला. मी रात्री भाजी निवडत ऐकत होते. ऐकता ऐकता सुरी खाली ठेवली आणि घड्याळ घेतलं. दोन तासांत मी चाळीस मिनिटं बोलत होते. एका ढोलाची थापी, म्हणजे तळहाताचा ठोका, चुकली तर चाळीस ढोलांना थांबवून व्याख्यान. आणि त्या गृहस्थाचा आवाज? वादन चालू असताना एकदाही लय सोडलेली नाही. सगळी टर्रर्र त्या चाळीस मिनिटांत होती.

हे पचायला मला दोन दिवस लागले.

तिसऱ्या दिवशी सराव संपल्यावर, ढोल टेम्पोत चढत होते तेव्हा, मी त्याला चहाला थांबवलं. ग्रुपवर नाही, फोनवर नाही, टपरीवर. तेव्हा 'तू नेहमीच असं करतोस' हे वाक्य मी मोठ्या कष्टानं गिळलं. 'नेहमी' म्हटलं की समोरचा लगेच न वाजवल्याचा एखादा दिवस शोधून काढतो. एकाच दिवसाचं बोलले. (आमच्यात 'हात' म्हणजे तालाचा एक ठरलेला तुकडा.) "मंगळवारी दुसऱ्या हातावर मी थांबवलं, तेव्हा तू सहा वेळा वाजवलंस. शेवटच्या रांगेतली ती मुलगी विचारत होती की थापी नक्की कुठे पडते. मला तिचा प्रश्न ऐकू आला नाही, तिला माझं उत्तर ऐकू आलं नाही. ती अजून चुकीचीच वाजवतेय."

तो बराच वेळ ग्लास फिरवत बसला. मग म्हणाला, "ताई, थांबलो की हात आखडतात."

आणि बोटं पुढे केली. चिकटपट्ट्या पावसात भिजून सुटल्या होत्या, खालची कातडी पांढरी पडली होती. मीही ताशाच वाजवते, मला कळायला हवं होतं. पाऊस-वाऱ्यात दहा मिनिटं नुसतं उभं राहिलं की पहिल्या आवर्तनात काडी जड येते. वर हेही म्हणाला, "पहिला हात पाचव्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून, कंटाळा येतो हो." हे बोलायला त्याला जास्त धीर लागला असणार.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा आणला. मी बोलत असताना ताशाच्या पानावर, म्हणजे वाजवायच्या पडद्यावर, तो ठेवायचा आणि त्यावर हवं ते वाजवायचं. आवाज येतो, पण डास गुणगुणल्याइतका. माझ्यासाठी नियम असा की दोन आवर्तनांच्या मधे एकच सूचना. ज्याची थापी चुकतेय त्याला बाजूला घेऊन, बाकीचे वाजवत असतानाच दाखवायचं. माझा नियम पाळायला मला जास्त जड गेलं, अजून जातं.

इथे एक परदेशातली गोष्ट सांगते, कारण ती मला पटते. बीटल्स हा जगातला सर्वांत नावाजलेला बँड. 1969 च्या जानेवारीत ते लंडनच्या ट्विकनहॅम स्टुडिओत तालीम करत होते. अवाढव्य थंड जागा, सकाळची वेळ, भोवती कॅमेरे. पॉल मॅकार्टनी जॉर्ज हॅरिसनला गिटार कशी वाजव ते समजावतोय आणि जॉर्ज वैतागलाय, हे चित्रीकरणात दिसतं. 10 तारखेला जॉर्ज उठून निघून गेला. आता तालीम कोण बिघडवत होतं? पॉलला विचारा, जॉर्जला विचारा, दोन उत्तरं मिळतील. पुढे जॉर्ज परतला तो जागा बदलायची या अटीवर. सॅव्हिल रोवरच्या त्यांच्याच ऑफिसच्या तळघरात बस्तान हलवलं, 22 तारखेला बिली प्रेस्टन पियानोला येऊन बसला आणि मंडळी एकदम नीट वागायला लागली. पाहुण्यासमोर आपल्या घरातली भांडणं जशी आवरतात, अगदी तशी. 30 तारखेला त्याच इमारतीच्या गच्चीवर ते वाजवत होते.

आम्हीही पाहुणा बोलावला. मुळशीकडचे एक म्हातारे ताशावाले, गावच्या पथकात आयुष्य गेलेले. ते तासभर वाजवत होते, बोलले एक अक्षर नाही. पण मी हात वर केला की ते दोन्ही काड्या एका मुठीत घ्यायचे आणि दुसऱ्या हाताचा पंजा ताशाच्या पानावर पसरून ठेवायचे, बिथरलेलं वासरू शांत करावं तसा. सहाही ताशांनी ते पाहिलं. आता आमच्याकडे पोरं तसंच करतात, त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

एक मात्र वेगळं ठेवते. पिऊन येणारा, किंवा मुलींना बोलणारा, हा 'व्यत्यय आणणारा वादक' नव्हे. त्याच्यासाठी चहाची टपरी नाही आणि टायरचा तुकडाही नाही. आमच्याकडे असा एक होता. त्याच संध्याकाळी ढोल उतरवून घेतला, लक्ष्मी रोडच्या मिरवणुकीत त्या वर्षी एक ढोल कमी वाजला.

बाकी आमचा कलाकार तसाच आहे. तिसऱ्या रांगेत बघा, मी बोलतेय आणि पुढच्या खुर्चीच्या पाठीवर बोटं चालू आहेत. वीस मिनिटं झाली माझी, एव्हाना हात आखडले असतील. चालू दे रे.