आपण की आम्ही? मराठी बायबल आणि त्रैक्याचा वाद

नमस्कार श्रोतेहो.

बायबलचं पहिलंच पुस्तक उत्पत्ती, आणि त्याचा पहिलाच अध्याय. आकाश झालं, समुद्र झाला, झाडंझुडपं, पशुपक्षी झाले, माणूस तेवढा व्हायचा राहिलाय. सव्विसाव्या वचनात देव म्हणतो, आपण आपल्या प्रतिरूपाचा माणूस निर्माण करू. देव तर एकच. मग हे 'आपण' कोण?

मूळ हिब्रू क्रियापद अनेकवचनी आहे, एवढंच ते सांगतं. बोलणारा समोरच्याला धरून बोलतोय की वगळून, हे हिब्रूवरून कळत नाही, इंग्रजीवरूनही कळत नाही. मराठीत मात्र सुटका नाही. 'आम्ही जेवायला चाललोय' म्हटलं की ऐकणाऱ्याचं ताट वाढलेलं नसतं. 'आपण जेवायला जाऊ' म्हटलं की असतं. मराठीत बायबल आणणाऱ्याला या पहिल्याच पानावर ठरवावं लागलं की देव कुणाला तरी सोबत घेऊन बोलतोय, की एकटाच, राजासारखा, 'आम्ही' म्हणतोय. राजा एकटा असला तरी 'आम्ही' म्हणतो, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.

मराठी बायबलनं 'आपण' घेतलं, आणि तिथे कुणीतरी ऐकणारा उभा राहिला. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन या ख्रिस्ती लेखकानं हे बोलणं पित्यानं पुत्राला उद्देशून केलेलं आहे असं मांडलं. अकराव्या शतकातले ज्यू भाष्यकार राशी म्हणाले, देवानं देवदूतांशी विचारविनिमय केला. पुढच्याच वचनात क्रियापद पुन्हा एकवचनी होतं, तेही त्यांनी दाखवून दिलं: विचारलं अनेकांना, निर्माण केलं एकानंच. दोघांनाही मराठी 'आपण' चालेल. ज्याचं म्हणणं आहे की हा फक्त राजाचा 'आम्ही' आहे, त्याची वाट मात्र मराठीत बंद झाली. माझं मत विचाराल तर 'आपण'च योग्य आहे, कारण ते हिब्रू क्रियापद 'चला, करू या' अशा सुरातलं आहे. पण हा निर्णय आहे, आणि तो भाषांतरकारानं घेतलेला आहे, हे वाचणाऱ्याला माहीत हवं. आजचं माझं बोलणं एवढ्यासाठीच आहे.

ज्यांचा बायबलशी संबंध नाही अशा श्रोत्यांसाठी थोडी ओळख करून देतो. देव एक आहे, आणि तो पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा आहे, ही बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांची श्रद्धा. इसवी सन ३२५ मध्ये नायसिया इथं आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल इथं धर्मसभा भरल्या, त्यांत तिचे शब्द ठरत गेले. बायबलमध्ये या श्रद्धेचं नाव कुठंच येत नाही. लॅटिनमध्ये त्रिनितास म्हणजे नुसतं तिघेपण. मराठी ख्रिस्ती लोकांनी शब्द घेतला 'त्रैक्य', आणि त्यात तीनही आहेत आणि ऐक्यही आहे. 'त्रिमूर्ती' हा तयार शब्द हाताशी होता, तो घेतला नाही. आपल्या भागात नरसोबाच्या वाडीला जाणारी माणसं घरोघर आहेत. त्रिमूर्ती म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे ब्रह्मा, विष्णू, महेश आणि दत्तगुरू येणार. ती वेगळी श्रद्धा आहे, तिचा अर्थ वेगळा आहे. दोन्हींचा मान राखायचा तर शब्दही वेगळा हवा होता. मला ही निवड फार मोलाची वाटते.

कोल्हापुरात हे सगळं तसं अलीकडचं. अमेरिकन मिशनरी वायल्डर इथं आले १८५२ मध्ये. त्याच्या आधी, १८११ मध्ये, बंगालमधल्या सेरामपूरला इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी यांनी मराठी नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, छापला होता, वैजनाथ पंडितांच्या मदतीनं. तेव्हापासून मराठी बायबल पुन्हा पुन्हा तपासलं गेलं, दुरुस्त झालं. पंडिता रमाबाईंनी तर केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल एकटीनं सोप्या मराठीत आणलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, त्याच्या थोडंच आधी ते काम पुरं झालं होतं. साध्या बायाबापड्यांना कळेल अशी भाषा हवी, हा त्यांचा ध्यास होता. मूळ भाषांपर्यंत स्वतः पोचल्याशिवाय त्यांनी लेखणी उचलली नाही, आणि म्हणून त्यांच्याविषयी बोलताना माझा ऊर भरून येतो.

आता योहानाचं शुभवर्तमान, पहिला अध्याय, पहिलं वचन. प्रारंभी शब्द होता, शब्द देवासह होता, आणि शब्द देव होता. हा 'शब्द' म्हणजे पुत्र, येशू ख्रिस्त. त्रैक्यावर जितके वाद झाले, त्यातले किती याच ओळीपाशी येऊन थांबतात! आमच्या इथं रविवारच्या उपासनेनंतर काही जण बायबल अभ्यासाला बसतात. एकदा एका मुलानं मोबाइल पुढं केला. "काका, ह्या इंग्लिशमधी वेगळंच लिहलंय की. शब्द एक देव होता म्हणे." शेजारी बसलेल्या मावशींनी मांडीवरचं मराठी बायबल चष्म्याजवळ नेलं, ओळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आमच्यात 'एक' न्हाई बाळा. आणि एक म्हटलं तर मग सगळे मिळून किती झाले रे?"

मावशींनी नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. मुलानं उघडलं होतं ते यहोवाच्या साक्षीदारांचं, म्हणजे त्रैक्य न मानणाऱ्या एका पंथाचं, भाषांतर. त्यातला इंग्रजी नवा करार १९५० मध्ये निघाला. त्यांचा मुद्दा असा: ग्रीकमध्ये नामाआधी एक निश्चयदर्शक उपपद येतं, इंग्रजीतल्या 'द'सारखं. 'देवासह' म्हणताना ते देवाआधी आहे, 'शब्द देव होता' म्हणताना मात्र देवाआधी नाही. म्हणून शब्द हा तो देव नव्हे, कुणी एक दैवी पुरुष. निरीक्षण नवं नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती लेखकानं आपल्या भाष्यात हा फरक टिपून ठेवलाय. पण उपपद नाही म्हणून 'एक' घालायचं, हे प्रत्येक वेळी चालत नाही. त्याच अध्यायात सहाव्या वचनात योहान बाप्तिस्मा करणारा 'देवानं पाठवलेला' आहे. तिथेही देवाआधी उपपद नाही, पण 'कुणा एका देवानं पाठवलेला' असं कोणी म्हणत नाही. १९३३ मध्ये कोलवेल या अभ्यासकानं दाखवलं की असं नाम क्रियापदाच्या आधी आलं की ग्रीकमध्ये उपपद बहुधा गळतं. पुढे इतरांनी बजावलं की या नियमावरून फार काही सिद्ध करू नका. अशा जागी नाम बहुतेकदा स्वरूप सांगतं, शब्द कसा होता ते सांगतं. १९६१ च्या एका इंग्रजी भाषांतरानं म्हणूनच वाक्य फिरवून लिहिलं: देव जे होता, ते शब्द होता.

मराठीत ही उपपदंच नाहीत. आपण 'देव' म्हणतो आणि तो कोणता, हे वाक्यावरून समजून घेतो. इंग्रजीला जिथे दोन्हींपैकी एक दार उघडावंच लागतं, तिथे मराठीला तशी सक्ती नाही. उलट आपण 'एक' घातलं तर घोटाळा वाढतो. 'एक देव' म्हणजे अनेकांतला एक, की एकमेव? कोल्हापुरी कानाला दोन्ही अर्थ लागतात. आपल्याकडे बळ आहे ते 'च'मध्ये. 'शब्द देवच होता' म्हटलं तर त्याच्या देवपणाविषयी शंका उरत नाही. 'शब्द हाच देव होता' म्हटलं तर पिता आणि पुत्र यांत फरकच उरत नाही, आणि ते मत तर जुन्या मंडळीनं तिसऱ्या शतकातच नाकारलं होतं. एका अक्षराची जागा बदलली की माणूस एका मतातून दुसऱ्या मतात जातो. आमच्या जुन्या भाषांतरकारांनी 'च' कुठेच घातला नाही. 'देवासह' आणि 'देव' हे दोन्ही शेजारी शेजारी तसेच राहू दिले. मूळ ग्रीक वाचणाऱ्याला जी अडचण पडते, तीच मराठी वाचणाऱ्याला पडते, आणि हे चांगल्या भाषांतराचं लक्षण आहे.

पवित्र आत्म्याचा वाद लिंगावरून होतो. आत्म्यासाठी हिब्रू शब्द बहुधा स्त्रीलिंगी येतो, ग्रीक नपुंसकलिंगी आहे, आणि मराठी 'आत्मा' पुल्लिंगी. एक जण म्हणतो, ग्रीकमध्ये 'ते' आहे, म्हणजे आत्मा ही नुसती शक्ती. दुसरा म्हणतो, आमच्या बायबलात 'तो' आला, 'तो' बोलला, म्हणजे व्यक्ती. दोघेही व्याकरणाच्या खांद्यावर नको तेवढं ओझं टाकतात. आपल्याकडे पोरगं, लेकरू, मूल ही सगळी नपुंसकलिंगी. 'लेकरू रडतंय' म्हणताना आई त्याला वस्तू समजत नसते. आत्मा व्यक्ती आहे की नाही हे ठरवायचं तर तो काय करतो ते वाचावं. तो शिकवतो, साक्ष देतो, इफिसकरांस पत्रात त्याला खिन्न करू नका असं सांगितलंय. खरा आधार तिथे आहे.

आणखी एक जागा टाळता येत नाही, कारण तिथे प्रश्न भाषांतराच्याही आधीचा आहे. योहानाचं पहिलं पत्र, पाचवा अध्याय, सातवं वचन. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलमध्ये तिथे लिहिलंय की स्वर्गात साक्ष देणारे तीन आहेत, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा, आणि हे तिघे एक आहेत. त्रैक्याचा इतका सरळ पुरावा दुसरीकडे कुठं नाही. पण जुन्या ग्रीक हस्तलिखितांत हे वाक्यच नाही. ते लॅटिन परंपरेतून आलं. इरॅस्मस या युरोपीय विद्वानानं छापलेल्या ग्रीक नव्या कराराच्या १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत ते नव्हतं. त्यावर गदारोळ झाला, ते असलेलं एक ग्रीक हस्तलिखित पुढे आलं, आणि १५२२ च्या आवृत्तीत ते छापलं गेलं. सर आयझॅक न्यूटन यांनी १६९० मध्ये या वाक्याविरुद्ध सविस्तर लिहिलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १७५४ मध्ये प्रसिद्ध झालं. १८८१ च्या सुधारित इंग्रजी नव्या करारानं ते वगळलं. तुमच्या घरच्या मराठी बायबलमध्ये तिथे काय आहे, कंस आहे का, टीप आहे का, हे एकदा उघडून पाहा. काही भाविकांना वाटतं की हे वाक्य काढणं म्हणजे श्रद्धेचा खांब काढणं. त्यांना मी कळकळीनं सांगतो, नायसियाच्या सभेनं या वाक्याचा आधार घेतला नव्हता. चौथ्या शतकातला बिशप अथनासियस जन्मभर पुत्राच्या देवत्वासाठी भांडला, पाच वेळा हद्दपार झाला, आणि त्यानंही हे वचन कधी वापरलं नाही. जे आपलं नाही ते परत केल्यानं घर कोसळत नाही.

रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात तर वाद विरामचिन्हाचा आहे. जुन्या ग्रीक लिखाणात विरामचिन्हं जवळपास नसतच. पाचव्या वचनात ख्रिस्ताच्या उल्लेखानंतर पूर्णविराम दिला की पुढची स्तुती पित्याची होते, स्वल्पविराम दिला की ख्रिस्त स्वतःच 'सर्वांवर देव' ठरतो. १९५२ च्या एका इंग्रजी भाषांतरानं पूर्णविराम दिला होता, त्याच्याच १९८९ च्या सुधारित आवृत्तीनं स्वल्पविराम दिला.

शेवटी मराठी वाचकाच्या हातून सर्वांत सहज निसटणारी गोष्ट सांगतो. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात, देवाचं जे हिब्रू नाव आहे, त्याच्या जागी मराठी बायबलमध्ये 'परमेश्वर' येतं. त्याच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात त्या जागी 'क्युरिऑस' येतं, म्हणजे प्रभू. नव्या करारात येशूलाही हाच 'क्युरिऑस' लावलाय, आणि मराठीत तो 'प्रभू' होतो. म्हणजे ग्रीक वाचणाऱ्याला जो एकच शब्द दोन्हीकडे दिसतो, त्याचे मराठीत दोन होतात. आता रोमकरांस पत्राचा दहावा अध्याय घ्या. नवव्या वचनात हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, येशू प्रभू आहे असं तोंडानं कबूल कर. चारच वचनांनी पुढे, तेराव्यात, तो योएल संदेष्ट्याचं वचन देतो: जो कोणी त्याचं नाव घेऊन धावा करील त्याचं तारण होईल. योएलमध्ये ते नाव परमेश्वराचं आहे. पौलानं ते येशूला जोडलं, आणि जोडलं ते त्या एका शब्दाच्या बळावर. मराठीत तेराव्या वचनात 'प्रभू' लिहिलं तर नवव्याशी नातं टिकतं, योएलशी तुटतं. 'परमेश्वर' लिहिलं तर योएलशी टिकतं, नवव्याशी तुटतं. यहोवाच्या साक्षीदारांच्या भाषांतरानं नव्या करारात २३७ ठिकाणी 'यहोवा' हे देवाचं हिब्रू नाव घातलंय, आणि ही जागा त्यातलीच. नव्या कराराच्या उपलब्ध ग्रीक हस्तलिखितांत तिथे ते नाव नाही. पण ते घातल्यावर पौलाचा युक्तिवाद वाचकाला दिसेनासा होतो.

यावर मला एकच उपाय दिसतो, तळटीप. नव्या आवृत्त्यांवर काम करणाऱ्यांपैकी कुणी हे ऐकत असेल तर हात जोडून विनंती करतो, तेराव्या वचनाखाली एक ओळ द्या: इथला मूळ शब्द आणि नवव्या वचनातला शब्द एकच, आणि योएलात या जागी परमेश्वराचं नाव आहे. तोवर श्रोतेहो, घरात बायबल असेल तर योएलचा दुसरा अध्याय, बत्तिसावं वचन, आणि रोमकरांस पत्राचा दहावा अध्याय, नऊ ते तेरा, हे दोन्ही उघडून एकापाठोपाठ एक, मोठ्यानं वाचा.

नमस्कार.